अर्धी खुर्ची

डोळे उघडले की मावशी आधी वेत भिजत घालायची. तोंड धुणं, चहा, केस विंचरणं, सगळं त्यानंतर. वेताच्या पट्ट्यांचं वेटोळं टबातल्या पाण्यात बुडवायची, ते वर येऊ नये म्हणून त्यावर वीट ठेवायची आणि म्हणायची, "बस आता गप." हे वेताला की उगवत्या दिवसाला, ते भाचीला कधी कळलं नाही.

जिन्याखालची खोली हे तिचं दुकान. मागच्या भिंतीशी छत इतकं खाली उतरलेलं की तिथं फक्त बसूनच काम व्हायचं. उभं आयुष्य तिनं तिथं बसून लोकांच्या फाटक्या खुर्च्या विणल्या. बहिणीची मुलगी शिक्षण संपवून चार दिवस राहायला म्हणून आली, ती राहिलीच.

काम आटू लागलं तेव्हा भाचीनं फोनवर दुकानाचं पेज काढलं. फोटोंवर लाइक्सचा पाऊस पडला आणि पाठोपाठ मेसेज आले. "लास्ट प्राइस?" "एवढ्यात नवी प्लास्टिकची येते, ताई." "दहा जणांना सांगू, आमचं तेवढं फुकट करा."

"लिही," मावशी म्हणायची, "प्लास्टिकचीच घ्या आणि सुखी राहा."

भाची लिहायची, 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.'

"काय लिहिलंस?"

"तेच, मावशी."

"मग एवढा वेळ का लागला? माझं बोलणं तर दोन शब्दांचं असतं."

भाचीला धास्ती होती. पेजही थंडावलं तर ही खोली सुटणार, आणि खोली सुटली तर मावशी हातपाय गाळणार. म्हणून लाखभर फॉलोअर्सवाल्या एका बाईनं चार खुर्च्यांचं काम अर्ध्या किमतीत मागितलं, वर "मी तुमचा व्हिडिओ करीन" म्हणाली, तेव्हा भाचीनं होकार कळवून टाकला. मावशीला सांगायचं राहिलं. खरं तर तिनं राहू दिलं.

खुर्च्या आल्या, त्यामागून बाईंचा व्हॉइस मेसेज आला. भाचीनं बेसावधपणे लावला आणि खोलीभर आवाज घुमला, "अर्ध्या किमतीत ठरलंय, विसरू नका हं!"

मावशीचा हात थांबला.

"शब्द दिलास?"

"दिला."

"माझ्या नावानं?"

भाचीनं मान खाली घातली.

"मग पाळायला हवा," मावशी म्हणाली आणि पहिली खुर्ची पुढ्यात ओढली. भाचीचा जीव भांड्यात पडला. तो तिथं फार वेळ टिकायचा नव्हता.

ठरल्या दिवशी बाई आल्या. डोक्यावर गॉगल, हातात फोन, दारातूनच व्हिडिओ सुरू. मावशीनं एका खुर्चीवरचा फडका ओढला. डावीकडे वीण ढोलकीसारखी ताठ, एकेक घर रेखीव. मधोमध एक काडी बांधून वीण तिथंच संपवलेली. उजवीकडे नुसती चौकट, त्यातून खालची फरशी दिसत होती. बाकीच्या तीनही तशाच.

"अहो, हे काय? अर्धंच काम!"

"किंमतही अर्धीच आहे, बाई."

"मग मी बसायचं कसं?"

"जेवढं विणलंय तेवढ्यावर टेका."

बाई लालबुंद झाल्या. "एका व्हिडिओत दुकान बंद करीन तुमचं!"

"करा की. खुर्ची तेवढी नीट दिसू द्या. माझं तोंड नाही दिसलं तरी चालेल."

उरलेल्या तीन खुर्च्या बाईंनी गाडीत टाकल्या. "ती घाला भंगारात," म्हणून चौथी तिथंच सोडून गेल्या.

व्हिडिओ गावभर फिरला. भाचीला फोन हातात धरवेना. "मावशी, शिव्या घालताहेत गं. उद्धट म्हणताहेत."

"विणीला कुणी नावं ठेवली?"

भाचीनं वरपासून खालपर्यंत वाचलं. विणीला कुणीच नावं ठेवली नव्हती.

"मग चहा टाक."

पुढचे महिने हात आखडून काढावे लागले. दुपारी एकच भाजी, तीच रात्री. मावशीनं अर्धी खुर्ची दाराबाहेर खिळ्याला टांगली. कुणी घासाघीस सुरू केली की ती बोलायची नाही, हनुवटीनं तिकडं दाखवायची. कुणी पाय आपटत निघून जायचं. कुणी हसायचं आणि आपली खुर्ची खाली ठेवायचं. असे हसणारे हळूहळू वाढले. पत्ता सांगताना लोक 'अर्धी खुर्ची टांगलीय ना, तिथं' म्हणू लागले. खोली सुटली नाही.

शेवटी शेवटी दम लागायचा, तेव्हा मावशी कॉटवर पडून भाचीच्या विणणाऱ्या हातांकडं बघत राहायची. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन वाजला. 'लास्ट प्राइस?' सवयीनं भाचीनं 'आपल्या प्रतिसादाबद्दल'मधला 'आ' टाइप केला. मग तो पुसला आणि दुसरंच काही लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"किंमत एकच. पटली तर खुर्ची घेऊन या."

"दाखव."

भाचीनं फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. चष्म्याशिवाय मावशीला अक्षरं दिसत नव्हती, पण ओळ आखूड आहे एवढं दिसलं.

"बरं," ती कुशीवर वळत म्हणाली. "आता त्या टबातलं पाणी बदल. वास मारतंय."