उमसुनाय एजे आणि युर्टमधला फोन

उमसुनाय एजे जीवशास्त्र शिकवू लागली की शाळेमागच्या कुरणातली मेंढरंसुद्धा चरायचं थांबवून मान वर करत. आवाजच तसा खणखणीत. कोक-दोबोच्या शाळेत तिच्या हाताखालून आईबाप गेले, मग त्यांची पोरं आली. घरच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे तिला एजे म्हणत, आणि कान पिळायच्या बाबतीत ती थोरल्या बहिणीला तसूभरही कमी नव्हती.

साथीच्या वर्षानंतर आमच्या शाळेत एक नवी रीत पडली होती. वसंत सरत आला की घरं कळपांबरोबर वर डोंगरातल्या कुरणांवर, जायलोवर जातात, आणि त्यांच्याबरोबर अर्धा वर्गही जातो. पूर्वी ही पोरं परीक्षेच्या तोंडावर खाली यायची आणि कोऱ्या पाटीनं बसायची. आता वर्ग फोनवरही भरू लागला. उरलेली अर्धी मुलं बाकांवर, वर गेलेली फोनमध्ये. एजे फोन खिडकीत एका लाकडी वाडग्यात उभा करायची, म्हणजे वरच्या पोरांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा. बाकीचे शिक्षक फोन लावून द्यायचे आणि बाकांकडे तोंड करून शिकवायचे. वरच्या मुलांना तासभर मास्तरांची पाठ दिसायची. एजे मात्र एक वाक्य बाकांना, एक वाक्य फोनला, असं वाटून द्यायची. फळ्यावर आकृती काढली की तिचा फोटो लगेच वर पाठवायची. मेहनतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण एक खोड होती. गप्प बसलेलं मूल तिला सहन व्हायचं नाही. "कळलं का?" असं विचारायची, सगळे "हो" म्हणायचे, आणि जो "हो" म्हणायचा नाही त्याचं काही खरं नसायचं.

त्या वर्षी गप्प बसायची ती झिपार. शाळेत उशिरा घातलेली, अठरा पूर्ण झालेली अकरावीची मुलगी. हिवाळ्यात तिचं लग्न झालं, तेही तिच्या पसंतीनं, आणि सासरच्यांनी भर मांडवात कबूल केलं होतं की पोरगी शाळा पुरी करेल. तिला नारीनच्या वैद्यकीय विद्यालयात जायचं होतं. आमच्या खोऱ्यातला दवाखाना नर्सवाचून कुलूप लावून पडलेला, त्यामुळे झिपारचं हे स्वप्न अख्ख्या गावाच्या फायद्याचं होतं. बाकावर होती तोवर ही मुलगी नुसती बडबडी! सासरच्यांबरोबर जायलोवर गेली आणि तोंडाला कुलूप लागलं. फोन वेळेवर लागायचा, पण पडद्यावर युर्टच्या, म्हणजे त्यांच्या गोल तंबूघराच्या, भिंतीची लाकडी जाळी आणि नमदा, एवढंच दिसायचं.

"झिपार, हृदयाला कप्पे किती?"

उत्तर नाही.

"अगं, तोंडात कुरुत धरून बसलीस का? थुंकून टाक ते चीज आणि बोल!"

बाकांवर हशा पिकायचा. फोनमधून कुणीतरी म्हातारा खाकरायचा.

मुख्याध्यापक सापारबेक अगाय हा माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. त्यानं एजेला बोलावून घेतलं. "मुलगी हजर असून तोंड उघडत नाही. वरून विचारणा झाली तर मी काय सांगू? गुरुवारी जिल्ह्याहून परीक्षक बाई येतायत. फोनवरच तोंडी चाचणी घेतील. बोलली तर अंतिम परीक्षेला बसेल. नाही बोलली तर नाव कमी करतो."

"पुढच्या वर्षी बसेल की मग."

"पुढच्या वर्षी तिच्या युर्टमध्ये पाळणा हलत असेल, एजे. तुम्हालाही माहीत आहे."

हे एजेला चांगलंच माहीत होतं. तिच्या वर्गातल्या कितीतरी हुशार पोरी याच वाटेनं गेल्या होत्या. ती घरी आली, पण तिला जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी दूध आणायला वर जाणाऱ्या गाडीत ती रिकाम्या कॅनांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसली आणि जायलोवर निघाली. मनात राग होता तो झिपारवरच. 'एवढं शिकवलं, आणि ही बया गप्प बसून सगळ्यावर पाणी ओतते आहे,' असं वाटेवरच्या प्रत्येक वळणाला ती स्वतःशी पुटपुटत होती.

युर्टच्या दारात झिपारचे सासरे ओमुर्झाक उभे होते. पांढरी दाढी, डोक्यावर कालपाक. "या, मुगालिम बाई, या! वर बसा, वर!" त्यांनी तिला दारासमोरच्या मानाच्या जागी, तोरवर नेऊन बसवलं. सासू बातमा अपानं घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा पुढे केला. आणि झिपार? झिपार दाराजवळ, चुलीपाशी, डोक्याला रुमाल बांधून, नजर खाली घालून चहा ओतत होती. एजेकडे बघून ती ओठांच्या कोपऱ्यातून हसली, तेवढंच.

"फोन कुठे आहे?" एजेनं विचारलं.

"हा काय!" ओमुर्झाकनी आपल्या खांद्यामागे बोट दाखवलं. त्यांच्या बसायच्या जागेवर, भिंतीच्या जाळीला, नक्षीच्या पिशवीत फोन टांगलेला होता. "रेंज इथेच येते. जरा हलवला की गेली. म्हणून तासाला मी इथून उठतच नाही. सगळं ऐकतो, बरं का! जन्मभर मेंढरं कापली, हृदय हातात धरलं, पण आतल्या त्या झडपा कशाला असतात ते तुमच्याकडून कळलं."

एजेनं फोनकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, मग दाराजवळच्या झिपारकडे, आणि तिच्या हातातला वाडगा हातातच राहिला. फोनशी बोलायचं तर पोरीला थेट सासऱ्याच्या तोंडावर बोलावं लागणार. तेही मोठ्यानं, दारापासून तोरपर्यंत ऐकू जाईल असं. एजे स्वतः सून म्हणून आली होती तेव्हा सासऱ्यासमोर तिनं किती काळ आवाज चढवला नव्हता! मीठ हवं असलं तरी नणंदेच्या कानात सांगायची. आणि तीच आता या पोरीला, चीज थुंक आणि ओरड, असं सांगत होती. तेही सासू-सासऱ्यांच्या कानांवर पडेल असं. एजेचा चेहरा लाजेनं तापला.

"सून मात्र गुणाची आहे," ओमुर्झाक कौतुकानं म्हणाले. "तास चालू असतो, पण तोंडातून शब्द काढत नाही."

"शाळेत याला नापास म्हणतात, अक्साकल," एजे म्हणाली. बातमा अपा हसू दाबायला चुलीकडे वळली.

म्हाताऱ्याला तासापुरतं बाहेर पाठवावं, असं क्षणभर एजेच्या मनात आलं. पण ज्याच्या युर्टमध्ये बसून कुमिस प्यायचं त्यालाच त्याच्या तोरवरून उठवायचं, हे काही तिच्या जिभेवर येईना; शिवाय शेजारच्या युर्टांत कुजबुज सुरू झाली असती आणि सगळा राग झिपारवर निघाला असता. तिनं दुसरीच वाट धरली. झिपारला घेऊन ती मेंढवाड्यामागे गेली.

"फोन इथे आणलास तर रेंज नाही, हो ना? पण बोलणं साठवता तर येतं! इथे येऊन उत्तरं बोल, मोकळ्या गळ्यानं. मग फोन पुन्हा जाग्यावर टांग. उत्तरं आपोआप माझ्याकडे येतील."

"एजे, मला सगळं येतं," झिपार म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "तुम्ही रागावता तेव्हा मनातल्या मनात उत्तर देते मी."

"माझं चुकलं, बाळा. साफ चुकलं," एजे म्हणाली आणि तिला जवळ घेतलं.

निघताना तिनं ओमुर्झाकनाही एक काम सांगितलं. रोज संध्याकाळी धड्यातला एक प्रश्न सुनेला त्यांनीच विचारायचा. सासऱ्यानं विचारल्यावर उत्तर न देणं हा तर उलट उद्धटपणा! म्हातारा इतका खूश झाला की एजेला निरोप द्यायला गाडीपर्यंत चालत आला.

दुसऱ्या दिवशी वाडग्यातल्या फोनमधून झिपारचा आवाज वर्गात घुमला: घोड्यांचं फुरफुरणं, मेंढ्यांचं बें बें, आणि त्यातून रक्ताभिसरणाचं अस्खलित वर्णन. एजेनं त्याच दिवशी वर गेलेल्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारला: "तुझा फोन कुठे असतो, आणि जवळ कोण बसतं?" एकजण बापाच्या ट्रकमध्ये बसत होता. एकीचा फोन भावाबरोबर वाटून घेतलेला. एकजण गोठ्यात होता आणि गाय व्यायली की तास बुडवायचा. त्या दिवसापासून एजेनं "कळलं का?" विचारायचं सोडलं. प्रश्न टाकायची आणि गप्प उभी राहायची, उत्तर येईपर्यंत. हे तिला फार जड जायचं, हात मागे बांधून ओठ चावत उभी राहायची बिचारी. बाकावरच्या प्रत्येकाला तिनं वरचा एकेक जोडीदार नेमून दिला, राहिलेलं समजावून सांगायला. सापारबेक अगाय दारातून डोकावून म्हणाला, "वर्ग आहे की बाजार?" एजे म्हणाली, "बाजारच. इथे सगळे बोलतात."

गुरुवार उजाडला. परीक्षक बाई आल्या, करड्या चेहऱ्याच्या, पण न्यायाला पक्क्या. फोन लागला. पडद्यावर ओमुर्झाक, नवा कालपाक, सणाचा अंगरखा. मागे कडेला, दाराजवळ, झिपारच्या रुमालाचं टोक.

"आजोबा, तुम्ही प्रश्न विचारायचे नाहीत. मुलीनंच बोलायचं, आणि थेट माझ्याशी," परीक्षक बाई म्हणाल्या.

"मी तर रोज विचारतो."

"आज नाही."

झालं. बाईंनी विचारलं, "उंचावर राहणाऱ्या माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त का असतात?" झिपारचे ओठ हलले असतील, पण खोलीत काही ऐकू आलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. सापारबेक अगायनं घाम पुसला. बाकांवरची पोरं श्वास रोखून बसली, कारण उत्तर त्या सगळ्यांना येत होतं आणि झिपारला त्यांच्याहून चांगलं येतं हेही ठाऊक होतं. बाईंनी पेन उचललं.

एजेला उत्तर पुटपुटण्याचा मोह झाला. तिनं तो गिळला. मग ती फोनसमोर गेली आणि म्हणाली, "अक्साकल, तुमची लेक माहेरी येते तेव्हा कुठे बसते?"

"हा विषयातला प्रश्न नाही," परीक्षक बाई म्हणाल्या.

"लेक?" म्हातारा चक्रावला. "लेक वर बसते. तोरवर, माझ्या शेजारी. लेक म्हणजे घरची पाहुणी, हे काय विचारणं झालं?" आणि एवढं बोलून तो थांबला. दाढीवरून हात फिरवला. मागे वळून दाराकडे पाहत राहिला, बराच वेळ.

मग तो उठला. आपली उशी त्यानं उचलली, झटकली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"झिपार. वर ये."

"अहो, सून तोरवर?" बातमा अपाचा आवाज आला.

"आज ती लेक म्हणून बसते आहे. माझ्यासमोर खाकरायचं असेल तरी खाकरू दे. तू सरक, चहा मी ओततो."

म्हातारा पडद्यातून बाहेर गेला. जाळी आणि नमद्यासमोर झिपारचा अख्खा चेहरा आला, लालबुंद झालेला. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग समोर.

"उंचावर हवा विरळ असते," ती म्हणाली. पहिलं वाक्य कापरं होतं, दुसरं नव्हतं. "एका श्वासात प्राणवायू कमी मिळतो. म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, जास्त वाहून न्यायला. खालून नवा मेंढपाळ आला की पहिले दिवस त्याला धाप लागते, डोकं दुखतं. मग हळूहळू त्याचं रक्त शिकतं." बाईंनी पुढचं विचारलं, तिनं सांगितलं. त्यापुढचं विचारलं, तेही सांगितलं, वर हातानं हवेत हृदय काढून झडपा कुठे उघडतात ते दाखवलं. आवाज आता असा मोकळा लागला होता की एजेची आठवण यावी.

"पुरे, पुरे," परीक्षक बाई म्हणाल्या, आणि त्यांचा करडा चेहरा हसला.

"पुरे कसलं?" दाराकडून म्हातारा ओरडला. "मूत्रपिंडाचं विचारा की! कालच पाठ झालंय!"

बाईंनी कागदावर सही केली आणि झिपार अंतिम परीक्षेला बसेल, असं मोठ्यानं जाहीर केलं. वर्गात असा गलका झाला की सापारबेक अगायनं कानांवर हात ठेवले आणि मग तोही टाळ्या वाजवू लागला. उमसुनाय एजे ढसाढसा रडली, सगळ्या वर्गादेखत, आणि डोळे पुसायच्या भानगडीतही पडली नाही. अंतिम परीक्षा, शरदातलं नारीनला जाणं, हे सगळं पुढे रीतसर झालं. पण आमच्या गावात अजून सांगतात ते त्या गुरुवारचंच.

पडद्यावर झिपार घाईनं उठू लागली होती, दाराजवळच्या आपल्या जागी जायला. तेवढ्यात वाफाळत्या चहाचा वाडगा धरलेला म्हाताऱ्याचा हात पुढे आला.

"बस तिथेच," ओमुर्झाक म्हणाले. "आधी चहा पी."

झिपार तोरवर बसली आणि सासऱ्यानं दिलेला चहा सगळ्यांदेखत शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.