अडुळशातलं माझं संयुग

बसा, आधी चहा घ्या. आपली फजिती कोरड्या घशाने सांगवत नाही.

मी इकडे हिंदी मुलखात, थाटीपूरला राहतो, कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवतो आणि उरलेल्या वेळात संशोधन करतो. संशोधन म्हणजे काय, तर पानं वाटायची, स्पिरिटसारख्या एखाद्या सॉल्व्हंटमध्ये भिजत घालायची, आटवायची आणि तळाशी काही नवीन सापडतंय का ते बघायचं. बहुधा सापडत नाही. भांडी मात्र घासावी लागतात.

आमच्या धंद्यात दुसऱ्यांनी आपल्या पेपरचा उल्लेख किती वेळा केला, यावर माणसाची किंमत ठरते. त्याला सायटेशन म्हणतात. माझ्या पेपरांचा उल्लेख जगात दोघेच करायचे, मी आणि माझा विद्यार्थी. तोही पीएचडी मिळेपर्यंत. माझं प्रोफेसरचं प्रमोशन यातच अडकून पडलेलं. रिटायर होण्याआधी ते मिळावं, एवढीच माझी धडपड.

आणि यंदा अचानक माझ्या एका जुन्या पेपरचं नशीब उघडलं. अडुळशाच्या पानांत मला नवीन संयुग सापडलं, असं त्यात मी लिहिलं होतं. इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता जर्मनी काय, जपान काय, जो तो माझं नाव घेऊ लागला.

"अहो, काय लिहितात ते वाचा तरी," बायको म्हणाली.

"स्वतःची स्तुती काय वाचायची? संकोच होतो."

पुढची चूक म्हणजे मी इंदरगंजला जाऊन नानासाहेबांना सांगितलं. नानासाहेब आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सांगितलं की दवंडी वेगळी पिटावी लागत नाही. आठवड्यात सत्कार ठरला, पत्रिकेत मी 'जगद्विख्यात' झालो. मी हरकत घेतली का? छे. ती पत्रिका प्रमोशनच्या अर्जाला जोडून आलो.

सत्काराच्या दुपारी माझी मुलगी मुक्ता भाषण टाइप करत होती. ती एमएस्सी करते.

"बाबा, त्या जर्मनवाल्यांनी तुमच्याबद्दल जे लिहिलंय, उसमें से एक-दो लाइन टाकू ना?" असं म्हणून तिने ते पेपर उघडले आणि एकेक वाचत गेली.

"बाबा, सॉल्व्हंट कशात ठेवला होता तुम्ही?"

"प्लास्टिकच्या कॅनमध्ये. का गं?"

"ये लोग कह रहे हैं, ते संयुग अडुळशातलं नाहीच. प्लास्टिक नरम राहायला जे घालतात ना, तेच तुमच्या कॅनमधून उतरलंय."

"एखाद्याचा गैरसमज झाला असेल."

"एखाद्याचा नाही, बाबा. सब जगह वही लिखा है. अशी चूक करू नये, उदाहरणार्थ पाहा, आणि पुढे तुमचं नाव."

खरं सांगतो, रडू आलं. अख्ख्या जगाने मला धडा म्हणून लावला होता.

नानासाहेबांना फोन करून म्हटलं, "रद्द करा. माझी चूक झालीय."

"छोडो हो प्रोफेसर, मोठी माणसं असंच बोलतात. हार येऊन पडलेत."

शेवटी गोरखीजवळच्या सत्काराच्या हॉलमध्ये, गळ्यात हार असताना, मी उभा राहून सांगून टाकलं, की ते संयुग अडुळशाचं नव्हतं, प्लास्टिकच्या कॅनमधून आलं होतं. मग नानासाहेबांनी माइक ओढून घेतला. "ऐकलंत? कचऱ्यातल्या प्लास्टिकमधून औषध काढणारा आपला माणूस." टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी तर विचारलं, खोकल्यावर कॅन उकळून घ्यायचा का नुसता भिजवून? त्यांना हात जोडून सांगितलं, काकू, काहीही करा पण कॅन पिऊ नका.

आता प्रामाणिक माणसाने काय करावं? पेपर मागे घ्यावा. जर्नलला पाठवायचा ईमेल मी लिहूनही ठेवलाय. पण मागे घेतलेला पेपर प्रमोशनला धरत नाहीत, आणि त्याच्याशिवाय माझ्याकडे आहे काय? कमिटी फक्त सायटेशनचा आकडा बघते. कोण काय म्हणालं, ते वाचत नाही. मी तरी कुठे वाचलं होतं?

तेव्हा तो ईमेल तसाच पडलाय, आणि रोज सकाळी उठून मी आकडा बघतो. काल दिवसभरात जगात कुणीच मला मूर्ख म्हटलं नाही. जेवण गेलं नाही हो मला.