शेपटाकडून सुरू केलेली नक्कल

इल्पो हाउताला नेमकं काय काम करतो असं कुणी विचारलं, की त्याची बायको राइली सरळ सांगून टाकायची, "कॉम्प्युटरमध्ये हमाली करतो."

त्यात खोटं काही नव्हतं. कुठलाही प्रोग्राम सतत माहिती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी तिची नक्कल करत असतो, सेकंदाला लाखो वेळा. ही उचलठेव प्रत्येक जण नव्याने लिहीत बसत नाही. ती सगळ्यांच्या सामायिक लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, एकदाच लिहिलेली असते. नवा प्रोसेसर आला, की एका खेपेत त्याला किती बाइट झेपतील, कुठून सुरुवात केली तर तो कमी अडखळेल, हे पाहून त्याच्यापुरती ती पुन्हा बसवायची. ओउलू शहरातल्या ऑफिसात लोकरी मोजे घालून इल्पो पंचवीस वर्षं हेच करत होता. अशीच सरळ, अबोल आणि हट्टी माणसं या कामात टिकतात, बाकीची बढती घेऊन मॅनेजर होतात.

गेल्या सप्टेंबरात लिंगनबेरी वेचताना जंगलात त्याची जीभ अचानक जड झाली. हातातल्या बादलीला बादली म्हणतात, हे दहा मिनिटं त्याला आठवेना. मेंदूत बारीकशी गुठळी होती, विरघळली, मागे काही राहिलेलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑफिसात त्याने पाठदुखीचं कारण पुढे केलं. पण तेव्हापासून त्याच्या मनात एकच भीती घर करून बसली होती. आपलं डोकं खरंच पूर्वीसारखं आहे का? रोज सकाळी दाढी करताना तो शंभरातून सात-सात वजा करत जायचा आणि दोनावर सुखरूप पोचला की मगच ब्रश धुवायचा.

त्या हिवाळ्यात त्याने एका नव्या प्रोसेसरसाठी नक्कल नव्याने लिहिली. या प्रोसेसरवर मोठी नक्कल शेपटाकडून सुरू करून डोक्याकडे आणली, तर ती जवळजवळ तिपटीने लवकर उरकते, हे त्याने शोधून काढलं होतं. लायब्ररीची नवी आवृत्ती मार्चमधल्या एका शुक्रवारी निघणार होती. मंगळवारी सकाळी तक्रार आली.

आवृत्तीची जबाबदारी हेल्काकडे होती. वय एकतीस, जीभ धारदार, मन स्वच्छ.

"इल्पो, उत्तरेकडच्या हमरस्त्यांवर हवामानाचे खांब आहेत ना, त्यांचा प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चुकतोय. उणे चौदा, उणे चौदा, उणे चौदा. एकच आकडा पुन्हा पुन्हा. जुन्या लायब्ररीवर ठणठणीत."

"फक्त नव्या प्रोसेसरवर?"

"फक्त तुझ्या नव्या नकलेवर," हेल्का म्हणाली. "त्यांनी सगळा कोड पाठवलाय. गुरुवारी दोनच्या कॉफीपर्यंत कारण सापडलं नाही, तर तुझी नक्कल काढून टाकणार. रागावू नकोस."

"मी कधी रागावलोय?"

"तेच तर. तू रागावलेला कळतच नाहीस."

इल्पोच्या पायाखालची वाळू सरकली होती. नक्कल जाण्याचं दुःख त्याला नव्हतं, असल्या दहा त्याने स्वतःच फेकून दिल्या होत्या. पण ही चूक त्या बादलीच्या दिवसानंतरची होती. मंगळवार-बुधवार त्याने आपली ओळ न् ओळ डोळ्यांत तेल घालून तपासली. कागदावर चौकोन काढून एकेक बाइट हाताने हलवून पाहिला. चूक सापडेना. सापडत नाही याचाच त्याला धसका बसला. चूक आहे आणि आपल्याला दिसत नाही, याचा अर्थ दुसरा काय असणार? बुधवारी रात्रीच्या जेवणात त्याने राईच्या पावाला दोनदा लोणी लावलं आणि राइलीने ते पाहिलं.

गुरुवारी दोनला हेल्का दोन मग कॉफी घेऊन त्याच्या टेबलाशी आली. त्याचे कागद बघून तिने कपाळाला हात लावला.

"तीन दिवस तू फक्त स्वतःलाच तपासतोयस? अरे बाबा, ज्या प्रोग्रामने तुझ्या नकलेला हाक मारली, त्याला कोण तपासणार? त्यांची फाइल उघडलीस तरी का?"

इल्पोने उघडली नव्हती. इतकी वर्षं लोकांची चूक आधी आपल्याच अंगावर घेऊन पाहायची त्याला सवय, आणि या खेपेला तर त्याने निकालही देऊन टाकला होता.

दोघांनी फाइल उघडली. खांबाचा प्रोग्राम सगळ्यात जुना आकडा टाकून द्यायचा आणि उरलेले सगळे एकेक घर डावीकडे सरकवायचा. त्यासाठी त्याने साधी नक्कल वापरली होती. आता साध्या नकलेचा पहिलाच नियम असा, की उचलायची जागा आणि ठेवायची जागा एकमेकींवर चढता कामा नयेत. चढत असतील तर त्यासाठी वेगळी, सावध नक्कल आहे. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातल्या, बाकावर सगळ्यांना एकेक जागा डावीकडे सरकायचं असेल, तर डाव्या टोकाच्याने आधी हलायला हवं. उजव्या टोकापासून सुरुवात केली तर शेजाऱ्याच्या मांडीवरच बसावं लागेल. जुनी नक्कल डावीकडून सुरू व्हायची म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं. नवी उजव्या टोकाकडून निघाली आणि शेवटचाच आकडा सगळ्या घरांत उतरत गेला.

"म्हणजे नियम त्यांनी मोडला," हेल्का म्हणाली. "तुझी नक्कल राहतेय. कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?"

ती फाइलच्या सुरुवातीला गेली. तिथे लिहिणाऱ्याचं नाव आणि साल होतं. इल्पो हाउताला, १९९८.

हेल्काने तोंडावर हात धरला. इल्पो पडद्याकडे बघत राहिला. लायब्ररीच्या कामाला लागण्याआधी एका छोट्या कंपनीत त्याने दोन वर्षं काढली होती. ती कंपनी केव्हाच विकली गेली, कोड मात्र हातोहात फिरत राहिला होता. आणि मग तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही," हेल्का म्हणाली.

"सप्टेंबरात माझी पाठ दुखत नव्हती, हेल्का," तो म्हणाला आणि त्याने तिला सगळं सांगितलं.

हेल्काचा चेहरा उतरला. "आणि मी तीन दिवस तुझ्या डोक्यावर बसले!"

"बसलीस म्हणून तर सुटलो."

खिडकीशी जाऊन त्याने घरी फोन लावला. तो दिवसा कधी फोन करत नसे.

"काय झालं? बरा आहेस ना?" राइलीने घाईघाईने विचारलं.

"चूक माझीच निघाली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पण आत्ताची नाही गं. चौतिसाव्या वर्षी केलेली. तेव्हा डोकं अगदी धडधाकट होतं."

राइलीचा जीव भांड्यात पडला.

"धडधाकट?" ती नाक ओढत म्हणाली. "त्याच वर्षी तू मला बाजारात विसरून एकटा घरी आला होतास."