घशातलं ऊन

माझ्या मानलेल्या आत्याचा सूर उभ्या आयुष्यात एकदाच चुकला, आणि तेव्हाही तो चुकला नव्हता. चुकला असं मी सांगितलं होतं. हे मी फार आधी कबूल करायला हवं होतं.

आत्या सांगलीला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि आमच्या चर्चच्या नाताळच्या गायनमंडळात पेटी वाजवायची. या दोन कामांत तिनं कधी फरक केला नाही. नाताळ जवळ आला की गाणारे सगळे तिचे पेशंट. चिंच बंद, आवळे बंद, बोरांकडे तर बघायचंसुद्धा नाही. रविवारी उपासना संपली की ती आम्हाला ओट्यावर ओळीनं उभं करून घसे तपासायची. दुसऱ्या महायुद्धामुळे टॉर्चचे सेल मिळेनात, तेव्हा तिनं दाढीचा आरसा आणला आणि त्यातून ऊन थेट आमच्या घशात सोडू लागली. "आ कर. आणखी. लाजतोस काय? पडजीभ बघतीय, पगार न्हाई." खर्जात गाणारा आमचा गुऱ्हाळावरचा गडी एकदा गरम काकवी पिऊन आला. त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावून तिनं पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं. तो कळवळून म्हणाला, "आवं आत्या, देवाला काय घसा दिसतोय व्हय?"

"त्याला न्हाई दिसत, म्हणून तर मी बघतीय."

एका वर्षी साताऱ्याच्या चर्चनं आम्हाला नाताळची गीतं गायला बोलावलं. आत्यानं पेटी मोटारीच्या टपावर ठेवू दिली नाही, सगळी वाट मांडीवर घेऊन बसली. पेट्रोलअभावी कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार चढावर धापा टाकत थांबली. ड्रायव्हर मागची कोळशाची भट्टी सळईनं ढवळू लागला आणि मी रस्त्याकडेच्या बोरीमागं गेलो. लोकांना वाटलं, दुसऱ्या कामासाठी. ओंजळभर कच्ची बोरं खाऊनच मी परतलो. साताऱ्याला पोचेतो दिवस मावळला होता, आरशाला ऊन नव्हतं.

पहिलं कडवं मला एकट्याला होतं. गव्हाणीतल्या बाळापर्यंत नीट पोचलो. देवदूतांच्या उंच जागेवर मात्र घशातून रेडकाची हाक निघाली. मागच्या बाकावरचे एक पेन्शनर सुभेदार दचकून उभे राहिले, आणि ते उठले म्हणून सारं चर्च उठलं.

बाहेर चहाला सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आत्यानं सूर फार चढा दिला."

आत्याच्या हातातली बशी थांबली. "व्हय? चढा झाला?" एवढंच तिनं विचारलं.

सांगलीला परतल्यावर तिनं पेटी मिरजेच्या कारागिराला दाखवली. त्यानं सांगितलं, पेटी ठणठणीत आहे. म्हणजे आपले कानच गेले, असं तिनं धरलं. पुढच्या नाताळात तिनं घसे तपासले, पण पेटी माझ्यापुढं सरकवली. "तूच दे सूर. माझ्या कानाचा आता भरवसा न्हाई." मी पेटी घेतली. घ्यायला नको होती. दोन नाताळ मी ती वाजवली, आणि दोन्ही वेळा आत्या मागच्या बाकावर खालमानेनं बसून राहिली.

तिसऱ्या वर्षी, पहिल्या तालमीच्या सकाळी, पेटी घेऊन मी तिच्या पडवीत गेलो. "आत्या, आरसा आण," म्हणालो आणि आ करून उभा राहिलो. तिनं आरसा उन्हात तिरपा धरला; ऊन माझ्या नाकावरून, गालावरून भटकत घशात पोचलं.

"काय बी न्हाई की रं."

"आता नाही. साताऱ्याला होतं. वाटेत बोरं खाल्ली होती मी. तुझा सूर बरोबर होता. माझं चुकलं आत्या, मला माफ कर."

आरसा हळूहळू खाली आला. "पिकली तरी हुती का?"

"नाही."

"गाढवा." तिनं पेटी ओढली, भाता उघडला आणि तोच सूर दाबून धरला. "ह्योच दिला हुता न्हवं?"

"हाच." मी पुन्हा माफी मागू लागलो.

"गप," ती म्हणाली, "ऐकू दे."