गुरुलिंगअप्पांचं विनाकारण विहिरीत उतरणं

जळकोटाकडं विहिरीत उतरायला कारण लागतं बघा. मोटार अडकली, कळशी पडली, गाळ काढायचाय, ठीक. पण उगीच कुणी उतरला तर माणसं दोर घेऊन पळत येतात आणि बायका आधीच रडायला लागतात. तिथंच गुरुलिंगअप्पांची पंचाईत झाली.

अप्पांचं बाजारात किराणा दुकान. साठीचा माणूस, गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, बोलणंसुद्धा तोलूनमापून. लेकीनं हट्टानं मालवणला नेलं, तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरवलं, आणि अप्पा बिघडले! खाली कुणी साखरेचा भाव विचारत नव्हतं. एक मासा अगदी नाकासमोर आला, बघितलं, निघून गेला. आपण श्वास घेतो हे अप्पांना साठाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकू आलं. मग काय, पठ्ठ्यानं तिथंच राहून सगळं रीतसर शिकून घेतलं आणि एक जुनी टाकी विकत घेऊन आला. ती रिकामी झाली की भरायला मालवणला जाते, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी. हसू नका, खरंय!

पहिल्या रविवारी अप्पा शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरले आणि अर्धं गाव काठावर जमलं.

"अप्पा, काय पडलं?" शेजारच्या कस्तुराबाईनं विचारलं.

"तांब्या," अप्पा म्हणाले. आता भल्या माणसानं दुसरं काय सांगावं?

तेव्हापासून दर शनिवारी अप्पा घरातला एक तांब्या गुपचूप विहिरीत टाकायचे आणि रविवारी उजळ माथ्यानं काढायला जायचे. पण गावाला काम करणारा माणूस दिसला की दम निघतो का? कुणाची बादली, कुणाचा पाना, कुणाच्या तीन पिढ्यांपूर्वी पडलेल्या घागरी. लोक पार लांब हदगावाहून विहिरींची आमंत्रणं घेऊन यायला लागले. अप्पा पार बेजार झाले. पाण्याखाली दुसरं दुकानच उघडलं की हो हे!

एका रविवारी ते खाली गेले आणि त्यांनी कशालाच हात लावला नाही. कपारीत एक कासव होतं, त्याच्यासमोर नुसते तरंगत राहिले. वर आले ते रिकाम्या हातानं, हसत.

"एवढा येळ काय करून राहिलते?" शिवम्मानं, त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"काही न्हाई. उगंच."

काठावर एकच गलका उठला. कुणी म्हणालं धनाचा हंडा सापडलाय, दडवून राहिले. कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय, उतारा टाका.

"अहो, खरं सांगा," शिवम्मा कडाडली. "न्हाईतर आजपासून उतरणं बंद, अन् ही टाकी भंगारात!"

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलेला माणूस, आणि नेमकं आज एकही सापडेना. "सांगता येत न्हाई गं. बघावं लागतं," ते कसंबसं म्हणाले.

"मग दाखवा."

शिवम्मानं पदर खोचला. बायकांनी तोंडाला हात लावले. अप्पांनी तिला पायरीवर बसवून तोंडानं सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, पुन्हा पुन्हा, ती चिडेपर्यंत. मग टाकी तिच्या पाठीवर चढवली, कमरेला दोर बांधला आणि स्वतः छातीभर पाण्यात दोर धरून उभे राहिले. ती गेली. बुडबुडे येत राहिले. कस्तुराबाईनं रडायला सुरुवात केली. तिला आवडलं नाही तर सगळं संपलं, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं.

लई वेळानं शिवम्माचं डोकं वर आलं. तिनं तोंडातली नळी काढली.

"काय हाय गं खाली?" कस्तुराबाई ओरडली.

"काही न्हाई."

"मग एवढा येळ?"

शिवम्मानं तिच्याकडं बघितलंच नाही. अप्पांकडं वळून हळूच म्हणाली, "अहो, हवा हाय का अजून?"

अप्पांनी टाकीचा काटा बघून मान डोलावली. तोवर तिनं नळी परत तोंडात घातली होती.