दारवालीची बाजू

ते नोकरीला होते पाणीपुरवठा खात्यात. काम म्हणजे रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत लांब दांड्याची चावी घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. आधी खालच्या गल्लीचं पाणी सोडायचं, ते बंद केलं की चढावरच्या गल्लीचं. खरं नाव कुणाच्याच तोंडात नव्हतं, सगळे त्यांना चावीवाले म्हणत. वस्तीत कुणाच्याही तोंडचं पाणी पळवायची ताकद आपल्या मनगटात आहे, असं ते बायकोला रुबाबात सांगत. ती म्हणे, "मग आधी मोरीतला नळ बघा. महिनाभर गळतोय."

चढावरचं पाणी सोडलं की बंद करेपर्यंत तिथेच थांबावं लागे. समोर एक लहानसं वाचनालय होतं. ते सांभाळणाऱ्या बाई वाचनालयाच्याच वरच्या खोलीत एकट्या राहत. पन्नाशी उलटलेली, आवाज करडा, पण माणूस दारात ताटकळलेला त्यांना बघवत नसे. एकदा त्यांनी चावीवाल्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि हातात एक कादंबरी ठेवली.

"नको बाई, अक्षरं बघितली की मला झोप येते. मी झोपलो तर तुमची टाकी वाहून जाईल."

बाईंनी कादंबरी काढून घेतली आणि एक जपानी चित्रकथा दिली. कॉलेजातली मुलं ज्यांना मांगा म्हणतात आणि ज्यांच्यासाठी वाचनालयात भांडणं होतात, त्यातली. चावीवाल्यांनी ती शेवटाकडून उघडली. बाईंनी ती फिरवून दिली, "उजवीकडून डावीकडे. तुमच्या चावीसारखंच आहे, उलटं फिरवलं तर काही हाती लागत नाही."

गोष्ट एका शहराची होती. बाकी सगळं जग धुक्यात बुडालेलं आणि धुक्यात माणसं गिळणारी जनावरं. घंटा झाली की शहराचं दार लावायचं काम एका बाईकडे. पहिल्याच भागात ती धावत येणाऱ्या माणसांच्या तोंडावर दार लावते.

"कैदाशीण आहे ही!" चावीवाले म्हणाले.

"पुढचा भाग वाचा आणि मग शिव्या द्या," बाई म्हणाल्या.

पुढच्या भागात कळलं की, पूर्वी एकदा तिने कुणाची तरी दया येऊन दार क्षणभर उघडं ठेवलं होतं आणि अख्खी एक आळी जनावरांच्या पोटात गेली होती. चावीवाल्यांनी लगेच पुढचा भाग मागून घेतला. तेव्हापासून त्यांना त्या पुस्तकांचं वेडच लागलं. सिनेमात कसं, खलनायक दिसला की आपण मोकळेपणाने दात-ओठ खावेत. इथे ते सुखच नव्हतं. ज्याचा राग यावा त्याचीच बाजू पुढच्या पानावर समोर यायची. बाई आणि ते तावातावाने वाद घालत. दारवालीची बाजू नेहमी चावीवाले घेत.

"तिच्या जागी उभं राहून बघा बाई! सगळ्यांना पुरेल असं काही नसतंच. कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं."

"ते खरं. पण म्हणताना तिने त्या माणसाकडे बघायला हवं," बाई म्हणत.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक निघाला. पाणी कमी झालं. चावीवाल्यांची लेक खालच्या गल्लीत राहायची आणि नुकतीच बाळंत झाली होती. एका सकाळी तिचा फोन आला, "बाबा, टाकी अर्धीच भरते हो. बाळाचे कपडे धुवायलासुद्धा पुरत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह जरा उशिरा बंद केला. जराच. मग त्याची सवय झाली. वरच्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार यायला लागली, तीही मध्येच दम टाकायची. लोक चिडले, त्यांना घेरून विचारायला लागले.

"वरूनच दाब कमी आहे हो, माझ्या हातात काय आहे?" ते म्हणाले.

बाई त्यांच्या बाजूने भांडायला उतरल्या. "त्या बिचाऱ्यावर कशाला ओरडता? वरूनच नाही तर तो काय खिशातून काढून देणार?" लोक पांगले. चावीवाल्यांनी मान खाली घातली आणि झाकण लावलं. त्या दिवशी ते वाचनालयात बसले नाहीत. काम आहे म्हणाले.

वरच्या गल्लीला टँकर यायला लागला. बाई बादल्या भरून जिन्याने वर नेत. एकदा ओल्या पायरीवरून पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं, मनगटही गेलं. वाचनालयाला कुलूप दिसलं म्हणून चावीवाल्यांनी शेजारच्या शिंप्याकडे चौकशी केली. त्याने सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "तुमचाच विषय काढत होत्या. चावीवाल्यांना कळवा म्हणाल्या."

इस्पितळात बाई खाटेवर होत्या, पायाला वजन बांधलेलं, हात प्लास्टरमध्ये. चावीवाल्यांना बघून बाईंचा चेहरा खुलला.

"बरं झालं आलात. नवा भाग आलाय, पिशवीत बघा. मला पानं उलटता येत नाहीत. तुम्ही धरा, दोघं मिळून वाचू."

ते स्टुलावर बसले आणि पुस्तक बाईंच्या डोळ्यांसमोर धरलं. बाई मानेने खूण करत, मग ते पान उलटत. या भागात बाहेर राहिलेल्यांचे नातेवाईक दारवालीला जाब विचारायला येतात. ती शांतपणे सांगते, तुमची माणसं दारापर्यंत पोचलीच नव्हती, वाटेतच गेली.

बाईंनी नजर पुस्तकावरून काढली. "दार लावलं ते मी समजू शकते. पण हे खोटं कशाला? आता बोला, घ्या हिची बाजू."

चावीवाल्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"बाई, पाणी वरून कमी नव्हतं. म्हणजे होतं, पण इतकं नव्हतं. मी लेकीच्या गल्लीला जास्त सोडत होतो."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी कण्हत होती.

"लहान बाळ आहे घरात, म्हणून..." एवढं बोलून ते थांबले. आपण बाजू मांडतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"मी तुमच्यासाठी लोकांशी भांडले," बाई म्हणाल्या.

"हो."

"पुस्तकात मला दोन्ही बाजू दिसतात, चावीवाले. इथे पडल्या पडल्या एकच दिसतेय. तुम्ही या आता. पुस्तक राहू द्या."

ते तिथून थेट खात्यात गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "कुणी तक्रार केली नव्हती हो तुमची!" त्यांची बदली पंपावर झाली, मीटरचे आकडे बघायला. चावी दुसऱ्याकडे गेली. लेकीला कळल्यावर ती रडली आणि मग चिडली. "मी फक्त सांगितलं होतं बाबा. दुसऱ्याचं तोडून आणा असं म्हटलं नव्हतं. आता वरच्या गल्लीतून मी कुठल्या तोंडाने जाऊ?" बायको उठून स्वयंपाकाला लागली, आणि तेच जास्त लागलं.

बाई पुढे काठी घेऊन चालायला लागल्या, वाचनालय उघडलं. चावीवाले सुट्टीच्या दिवशी जायचे, रांगेत उभे राहायचे. बाई पुस्तक द्यायच्या, शिक्का मारायच्या. वाद नाही, गप्पा नाहीत. ते पुस्तक घरी नेऊन वाचत. दारवालीचं पान आलं की पूर्वीसारखी कड घ्यावीशी वाटे, पण तेवढ्यात इस्पितळातली ती खाट डोळ्यांसमोर यायची आणि ते पान पटकन उलटायचे.

एका सुट्टीला शिक्का मारता मारता बाईंनी वर न बघता विचारलं, "नात चालायला लागली का?"

"लागली. भिंत धरून."

"हं. मीही तशीच," बाई म्हणाल्या आणि पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

हसावं की नाही ते चावीवाल्यांना कळेना. मागच्या माणसाने घसा खाकरला, तसे ते पुस्तक घेऊन बाजूला झाले.