शांतवनरावांच्या वाटची प्रार्थना

रिसोडचे शिंपी शांतवनराव पत्नी वारल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीत येईनासे झाले. उपासनेच्या शेवटी प्रत्येकाने शेजारी बसलेल्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची, ही आमची रीत. त्यांना आता प्रार्थनाच सुचत नव्हती.

मंडळीतल्या कृपाबाई त्यांच्या घरी धडकल्या.

“मी मोबाईलवर प्रवचन ऐकतो ना, बाई. देव घरीबी हाय.”

“हाय ना! पन तुमी रडले, तं त्या मोबाईलवाल्या पास्टरले दिसते का?”

“मले प्रार्थना जमत नाई आता.”

“मंग आमी कायले हाओ?”

रविवारी ते येऊन कृपाबाईंशेजारी बसले. पाळी आली, पण शब्द फुटेना. कृपाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांच्या वाटची प्रार्थना केली. शेवटी शांतवनराव ‘आमेन’ म्हणाले. आवाज कापरा होता, पण आम्हां सगळ्यांच्या आवाजात तो मिसळून गेला.